ट्रेनर व्हायचे, पण प्रमाणपत्र कोणते?

गेल्या महिन्यात वाकोल्याच्या एक ताई आमच्या घरी आल्या. त्यांचा मुलगा बारावी झालेला. सकाळी पेपर टाकतो आणि संध्याकाळी सांताक्रूझच्या एका जिममध्ये यंत्रे पुसतो. त्याला ट्रेनर व्हायचे आहे. फीसाठी ताई बचत गटातून कर्ज काढणार होत्या व जामीन म्हणून सही आमची हवी होती.

आम्ही म्हणालो, "ताई, सही करू. पण आधी कोर्स पाहू."

कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशीच सही आम्ही न पाहता केली होती. दोन दिवसांचे शिबिर झाले, रंगीत कागद आणि गोल शिक्का मिळाला. जिमवाल्यांनी तो कागद हातातही घेतला नाही. हप्ते मात्र वर्षभर चालले. त्या चुकीत आमचाही वाटा होता.

वाचकहो, डॉक्टर वा वकिलासारखी ट्रेनरसाठी सरकारी नोंदणीची सक्ती आपल्याकडे नाही. म्हणून कोणीही संस्था काढून प्रमाणपत्र छापू शकतो. मग पारख कशी करावी?

पहिला रस्ता आपल्या सरकारचा. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्राने कौशल्यांची पातळीवार राष्ट्रीय चौकट लागू केली. क्रीडा, शारीरिक शिक्षण व फिटनेस क्षेत्रासाठी वेगळी कौशल्य परिषद आहे आणि फिटनेस ट्रेनर हे काम तिच्या यादीत आहे. संस्था या चौकटीत बसते का, हे आधी विचारावे.

दुसरा रस्ता परदेशी परीक्षांचा. १९८५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचे उदाहरण घ्या. वय १८ पूर्ण हवे, सी.पी.आर.चे प्रमाणपत्र हवे. परीक्षा तीन तासांची, प्रश्न १५०. दर दोन वर्षांनी २० तासांचे नवे शिक्षण दाखवून नूतनीकरण करावे लागते. फी डॉलरमध्ये आणि अभ्यास इंग्रजीत, हे घरी बसून नीट मोजावे.

तिसरा रस्ता वेगळ्या गावाला जातो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करीत आहे. पण बी.पी.एड. ही पदवी शाळेतील क्रीडाशिक्षकासाठी असते. जिमच्या प्रमाणपत्रावर शाळेत नोकरी मिळेल असे कोणी सांगितले, तर तेथून उठावे.

मुलाला आम्ही वहीत पाच प्रश्न लिहून दिले. परीक्षा कोण घेते, शिकवणारी संस्थाच की बाहेरची? प्रत्यक्ष माणसावर सराव किती तास? प्रमाणपत्रावरील क्रमांक जिमवाल्याला पडताळता येतो का? नूतनीकरणाचा खर्च किती? आणि सी.पी.आर. पुतळ्यावर करून घेतात का? छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे वाचून हाताला येत नाही. व्यायाम करता करता कोणी कोसळले, तर पहिला हात ट्रेनरचाच पोहोचतो.

पैशाचेही सांगतो. कर्जाआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि पुण्याची बार्टी येथे चौकशी करावी. दोन्ही १९७८ पासूनच्या. कौशल्य प्रशिक्षणाच्या योजना तेथे निघत असतात. जातीचा दाखला काढून ठेवावा, अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावाधाव नको.

मुलगा वही घेऊन तीन ठिकाणी गेला. पहिल्या ठिकाणी एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही, फक्त "आज भरलेत तर फी अर्धी" असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी पुतळाच नव्हता. तिसऱ्या ठिकाणी त्याला वर्गात बसू दिले आणि फी तीन हप्त्यांत घ्यायचे कबूल केले. त्यामुळे कर्जही निम्मेच लागले.

त्या कागदावर आम्ही सही केली. या वेळी मात्र वाचून केली.