स्वभाव, शील आणि व्यक्तिमत्त्व-विकृती

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. तापट, भित्रा, हट्टी ही विशेषणे माणसाला बालपणीच चिकटतात आणि पुढे तीच त्याची ओळख होऊन बसते. म्हणीत तथ्य आहे, पण ते अर्धेच.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली व्यक्तिमत्त्वाचे दोन थर मांडले. पहिला थर स्वभावाचा. नावीन्याची ओढ, अपायाची धास्ती, इतरांच्या आपुलकीची गरज आणि चिकाटी हे त्याचे चार घटक होत. दुसरा थर शीलाचा. आपल्या आयुष्याला दिशा देऊन जबाबदारी पत्करणे, इतरांशी सहकार्य करणे आणि स्वतःपलीकडे पाहणे, हे गुण त्यात येतात. स्वभाव उपजत, तर शील वयाबरोबर परिपक्व होणारे, अशी मूळ कल्पना होती. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत शीलातही आनुवंशिकतेचा वाटा आढळला. तेव्हा ही विभागणी फार ताणू नये हे बरे.

तथापि तिचा एक निष्कर्ष मोलाचा आहे. विकृती आहे किंवा नाही, हे मुख्यतः शीलाच्या पहिल्या दोन गुणांतील उणिवेवरून कळते. ती कोणत्या प्रकारची, हे स्वभावावरून. धास्तीखोर कारकून प्रत्येक पावती दोनदा तपासतो, सभेत बोलणे टाळतो. परंतु काम वेळेवर करतो आणि चूक झाल्यास ती कबूल करतो. हा स्वभाव झाला, विकार नव्हे. हीच धास्ती माणसाला नोकरी, आप्त, शेजार या सर्वांपासून वर्षानुवर्षे तोडून टाकते आणि स्वतःचे निर्णय घेण्याची शक्तीही त्याच्यात उरत नाही, तेव्हा मात्र विकृतीचा विचार करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिनेही जुने बहुतेक प्रकार रद्द करून हाच क्रम स्वीकारला आहे. प्रथम विकृती सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहावयाचे. स्वभाववैशिष्ट्यांची नोंद त्यानंतर. अशी अडचण साधारणतः दोन वर्षे वा अधिक काळ टिकलेली असावी लागते. एखाद्या भांडणावरून वा एका वर्षाच्या बेशिस्तीवरून कोणालाही विकृत ठरविता येत नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने १९५६ मध्ये न्यूयॉर्कला थॉमस व चेस यांनी आरंभिलेला दीर्घकालीन अभ्यास उद्बोधक आहे. अवघड स्वभावाची सर्वच मुले बिघडली नाहीत. मुलाचा स्वभाव आणि घराच्या वा शाळेच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून होते. चळवळ्या मुलाला तासभर जागेवर खिळवून ठेवण्यापेक्षा फळा पुसण्याचे काम देणे, हा अनुभवी गुरुजींचा उपाय या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हणावा लागेल.

निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे आणि कुमारवयात तेही ते सावधपणे करतात. उपचारांत मुख्य भर औषधांपेक्षा संवादोपचारावर असतो. शंका असल्यास शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य संपर्क साधता येतो.