बी नेमकं किती खोल पेरायचं?

ट्रेमध्ये बी उगवलं नाही की आपण बियाण्याला नावं ठेवतो. पुष्कळदा ते फक्त जास्त खोल गेलेलं असतं.

ढोबळ हिशेब असा: बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर हवी. टोमॅटो, मिरची, वांगी यांना जेमतेम अर्धा सेंटिमीटर. भेंडी, काकडी, दुधीला दीड-दोन, घेवड्याला अडीच-तीन. उजेडात येईपर्यंत कोंब बीमधल्या शिदोरीवरच जगतो. बारीक बी बोटभर खाली गेलं तर ती वाटेतच संपते. तुळशीचं बी म्हणूनच नुसतं भुरभुरायचं, वर चिमूटभर कोकोपीट. पिटुनियाचं तर झाकूच नका, त्याला उगवायला उजेड लागतो.

उथळ पेरण्याचाही त्रास आहे. मिरचीचं रोप वर येतं, पण बीजदलं टरफलात अडकलेली, डोक्यावर टोपी घातल्यासारखी! वर येताना मातीत घासून टरफल निघायला हवं. माती कमी किंवा फार सैल असली की ते तसंच राहतं. ओढू मात्र नका, बीजदलंच तुटतात. पाण्याचा थेंब ठेवा, मऊ झालं की चिमटीने अलगद काढा.

पेरल्यावर माती हलक्या हाताने दाबा. पाणी स्प्रेने द्या किंवा ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. झारीच्या धारेने बारीक बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

आणि बियांच्या पाकिटावर खोली छापलेली असेल, तर आधी तीच पाळा.