पाच योजनांतून एक निवडताना

सतराव्या शतकात सुरतेच्या विरजी व्होरांसारख्या श्रेष्ठींना एका हंगामाचा सौदा एकदाच करता येई. दुसरा मार्ग पत्करला असता तर काय घडले असते, हे कळण्यास उपाय नव्हता. आज संगणकावर तोच हंगाम शेकडो वेळा लटकाच घडवून पाहता येतो. या सोयीत एक फसगतही दडलेली आहे. सभासद बंधूंनी तिचा अवश्य विचार करावा.

समजा, रिंग रोडवरील एका साड्यांच्या पेढीपुढे दिवाळीच्या मालखरेदीच्या पाच योजना आहेत. मागील वह्यांवरून मागणीचे चढउतार बसवून प्रत्येक योजना संगणकावर पाच-सात हंगाम चालविली. जिचा सरासरी नफा सर्वांत अधिक, तीच उत्तम असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तिच्या वाट्यास केवळ चांगले हंगाम आले असतील. योजना जितक्या अधिक, तितका एखादी निव्वळ दैवयोगाने वर येण्याचा संभव अधिक. अशा निवडीची किंमत पुढे पडून राहिलेल्या मालाच्या रूपाने मोजावी लागते.

यावर अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट बेकहोफर यांनी १९५४ साली एक रीत मांडली. किती रुपयांचा फरक आपल्या लेखी महत्त्वाचा आणि निवडीची खात्री किती हवी, हे आधी आपणच ठरवावे; मग प्रयोगांची संख्या गणिताने निघते. एका हंगामाचा नफा सरासरीच्या आसपास २० हजार रुपयांनी खालीवर होत असेल (यास प्रमाण विचलन म्हणतात), आणि १० हजारांचा फरक शेकडा ९५ खात्रीने ओळखावयाचा असेल, तर प्रत्येक योजनेचे ३८ प्रयोग लागतात. ५ हजारांचा फरक ओळखावयाचा तर १५०. फरक निम्मा, श्रम चौपट!

भारतात जन्मलेले शांती स्वरूप गुप्ता यांनी १९५६ साली दुसरी वाट दाखविली. एकीचेच नाव घेण्याची घाई न करता, उत्तम योजना ठरावीक खात्रीने जीत असेल अशी लहान यादी काढावी. त्यातून अंतिम निवड व्यापाऱ्याचा अनुभव करील.

शिवाय सर्व योजना त्याच त्या हंगामांवर पारखाव्यात. एकीस तेजी व दुसरीस मंदी असा अन्याय नको. त्यामुळे खरा फरक बहुधा लवकर उघड होतो. मात्र वहीतील नोंदीच अपुऱ्या असतील, तर हजार प्रयोगही खोट्या हंगामाचीच ग्वाही देतील. यास्तव संगणकापुढे बसण्यापूर्वी आपली वही नीट लिहिली आहे काय, हे पाहणे अगत्याचे होय.