हत्तोबाला इंग्रजी येत नाही

दिवाळी अंक म्हटला की त्यात एखादं प्रवासवर्णन हवंच. कुणी नॉर्वेला जाऊन येतं, कुणी केनियात सिंह बघून येतं. यंदा संपादकांनी माझी वर्णी लावली आहे. लिहून घेणारी चिऊची आई. शुद्धलेखन तिचं, मतं माझी.

मी हत्तोबा. उंची नऊ इंच, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोनशे दहा ग्रॅम. सोंड डावीकडे वळलेली, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा. २०१४ साली चिऊच्या वेळी आजी साताऱ्याहून रेडिंगला बाळंतपण करायला आली. सहा महिन्यांचा व्हिसा, बाहेर थंडी आणि बाळ दिवसभर झोपणारं. रिकामं बसणं आजीच्या स्वभावात नाही. तिने आपलं विरलेलं इरकली लुगडं काढलं, कापलं, शिवलं, पोटात सोबत आणलेल्या उशीतला कापूस भरला आणि बाबाच्या जुन्या कोटाची दोन काळी बटणं डोळे म्हणून लावली. कोट जुना नव्हता, असं बाबाचं अजूनही म्हणणं आहे. तर माझा जन्म रेडिंगचा आणि कापड सातारचं. मंडळाच्या गणपतीत जी पोरं खुर्च्यांमधून धावत असतात, ती सगळी याच जातीची, त्यामुळे तुम्हाला जास्त सांगायला नको.

थोडं खानदानाविषयी. लोक टेडी बेअरचं फार कौतुक करतात. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला गेले, बांधून ठेवलेल्या अस्वलाला गोळी घालायला त्यांनी नकार दिला, त्यावर व्यंगचित्र निघालं आणि त्यातून 'टेडी'चा जन्म झाला. छान गोष्ट आहे. पण त्याच्या बावीस वर्षं आधी, १८८० मध्ये, जर्मनीतल्या गिंगेन गावात मार्गारेट श्टाइफ नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने फेल्टची एक छोटी सुईदाणी केली होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती चाकाच्या खुर्चीतून काम करायची. टाचण्या खोचायची ती वस्तू पोरांनी पळवली आणि तिच्याशी खेळायला लागली. तिथून तिचा खेळण्यांचा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. त्या सुईदाणीचा आकार होता हत्तीचा! अस्वलं नंतर आली.

आता मुद्द्याचं. २०१७ मध्ये आजी पुन्हा आली तेव्हा चिऊ तीन वर्षांची होती आणि नर्सरीत जायला लागली होती. आजीने मराठीत विचारायचं आणि चिऊने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा दोन महिने कार्यक्रम चालला. आजी रागावली नाही. निघायच्या आदल्या रात्री तिने मला चिऊच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. ह्या हत्तोबाला इंग्रजी येत नाही हं. त्याच्याशी मराठीतच बोलायचं, नाहीतर बिचारा एकटा पडेल."

झालं! त्या दिवसापासून माझं इंग्रजी बंद. (येतं मला. इतकी वर्षं टीव्हीसमोर काढली आहेत. पण आजीचा शब्द मोडायचा नाही.) घरात कुणी इंग्रजीत विनोद केला की चिऊ माझ्या मोठ्या कानात त्याचं भाषांतर करायची. इथल्या शाळांत लहान वर्गाचं एक अस्वल असतं. ते शनिवार-रविवार पाळीपाळीने एकेका मुलाच्या घरी राहायला जातं आणि त्याने काय काय केलं ते वहीत लिहायचं असतं. आमच्याकडे ते आलं तेव्हा दोन दिवस चिऊ दुभाषी होती. "तो विचारतोय, पुरणपोळी कशाने खातात?" मी म्हटलं, तोंडाने. सोमवारी वहीत बाईंना वाचायला मिळालं की आमच्या पाहुण्याने चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि हत्तीकडून 'नमस्कार' शिकला.

माझ्या ओळखीचं दुसरं अस्वल जास्त मोठ्या माणसांत बसणारं आहे. रेडिंगहून लंडनला जाणारी आमची गाडी पॅडिंग्टन स्टेशनात थांबते. तिथे फलाट क्रमांक एकवर हॅट घातलेल्या पॅडिंग्टनचा ब्राँझचा पुतळा आहे. मायकल बाँड यांचं त्याच्यावरचं पहिलं पुस्तक १९५८ साली आलं. बाँड आमच्या रेडिंगमध्येच वाढले. महायुद्धाच्या काळात शहरांतून गावाकडे पाठवलेली मुलं गळ्यात नावाची चिठ्ठी आणि हातात छोटी बॅग घेऊन स्टेशनांवर उभी असायची. ती आठवण त्यांच्या मनात राहिली, म्हणून पेरूहून एकट्या आलेल्या अस्वलाच्या गळ्यातही चिठ्ठी आली. चिऊने मला पुतळ्याच्या पायाशी बसवून फोटो काढला आणि मला समजावलं, "हा पण बाहेरगावचा आहे. ह्याला मार्मलेड लागतं, तुला लोणचं."

विमानप्रवास मात्र हत्तीच्या प्रतिष्ठेला शोभणारा नाही. सुरक्षा तपासणीत मला बुटांच्या शेजारी ट्रेमध्ये आडवं करतात आणि बोगद्यात ढकलतात. एकदा परतीच्या वेळी एका तरुण अधिकाऱ्याने माझ्या पोटावरून कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात घातली. मी निर्दोष सुटलो. बॅगेतल्या चकलीच्या भाजणीला मात्र बरीच उत्तरं द्यावी लागली.

त्याच वेळी आबांनी एक योजना मांडली होती. भारतातून प्रवाशांना दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत, म्हणजे सातारचे कंदी पेढे बाद. आबा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ह्याच्या पोटात पाव किलो सहज बसतील." बाबाचा चेहरा पांढरा पडला. "आबा, मला तिथे नोकरी आहे!" शेवटी सगळे पेढे मुंबई विमानतळाबाहेर गाडीतच संपवण्यात आले. चिऊने सात खाल्ले. पुढचे नऊ तास ते पेढे आणि मी, आम्ही दोघं तिच्या पोटाच्या आतबाहेर होतो.

साताऱ्याला पोचलं की आजी मला पहिल्यांदा हुंगायची आणि मग रिठ्याच्या पाण्यात बुडवायची. डोनाल्ड विनिकॉट नावाचे लंडनचे एक बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. लहान मूल एखादी चादर किंवा खेळणं घट्ट धरून आईपासून थोडं थोडं सुटं व्हायला कसं शिकतं, यावर त्यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला निबंध नावाजलेला आहे. ती वस्तू मुलाखेरीज कुणी बदलू नये, असं ते सांगतात. चिऊच्या आईने हे आजीला ऐकवलं. आजी म्हणाली, "त्यांच्याकडे धूळ नसेल," आणि मला दोन्ही कानांना चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं.

माझ्या नावावर एक विक्रमही आहे. एका आर्थर्स सीटवर मला कुत्र्याने धरलं आणि दुसऱ्या आर्थर्स सीटवर माकडाने. पहिली एडिंबरातली, २५१ मीटर उंच, फार पूर्वी विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या वाऱ्याने मला चिऊच्या हातून उचललं आणि काटेरी झुडपात फेकलं. एक भला मोठा कुत्रा मला तोंडात धरून बाहेर आला. चिऊ कंबरेवर हात ठेवून ओरडली, "सोड त्याला! आत्ताच्या आत्ता!" कुत्र्याने मला अलगद तिच्या पायाशी ठेवलं. मालक स्कॉटिश, कुत्रा स्कॉटिश, हुकूम सातारी. मालकाने तो शब्द दोनदा विचारून घेतला.

दुसरी आर्थर्स सीट महाबळेश्वरची, आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज साहेबाच्या नावाची, खाली सावित्रीचं खोरं. २०१९ चा डिसेंबर. माकडाने मला हिसकावलं आणि कठड्यावर जाऊन बसलं. घाबरून चिऊ आधी इंग्रजीत ओरडली, मग मराठीत. माकडाने दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष केलं. शेवटी कणीसवाल्या मामांनी एक भाजलेलं कणीस पुढे केलं आणि सौदा झाला. माकडाला भाषा कळत नाही, भाव कळतो. त्यात माझा मोठा कान फाटला. आजीने तो रात्री हिरव्या दोऱ्याने शिवला, कारण सुईत तोच होता.

मग कोरोनाची दोन वर्षं मी फक्त पडद्यावरून सातारा पाहिला. २०२२ मध्ये गेलो तेव्हा आजी दोनदा गॅस चालू ठेवून विसरली. पुढे ती नावं विसरायला लागली. हे हळूहळू वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अवकाशात गेले, तेव्हा यानात एक कापडी हंसाचं पिल्लू होतं, 'जॉय' नावाचं. ते तरंगायला लागलं की वजनरहित अवस्था आली, असं समजतं. २०२२ मध्ये आर्टेमिसच्या यानातून स्नूपी तर चंद्राला वळसा घालून आला. मला जरा हेवा वाटला. पण ऑगस्टमध्ये आम्ही साताऱ्याला गेलो, त्यापेक्षा अवघड प्रवास त्यांनी केला असेल असं वाटत नाही.

आजी माजघरात पलंगावर बसली होती. अकरा वर्षांची, उंच झालेली चिऊ पुढे आली. आजीने तिच्याकडे बराच वेळ बघून आईला विचारलं, "ही कुणाची मुलगी?"

कुणीच काही बोललं नाही. चिऊने मला छातीशी धरलं. आजीची नजर माझ्यावर आली. तिने हात पुढे करून माझं पोट चिमटीत धरलं.

"हे माझं इरकल आहे. कुणी कापलं?"

"तूच कापलंस, आजी. रेडिंगला. माझ्यासाठी."

"मी कशाला कापीन चांगलं लुगडं?"

"ती फाटली होती."

"ते फाटलं होतं," आजी म्हणाली. "लुगडं ते असतं."

चिऊचं नाव गेलं होतं, नपुंसकलिंग शाबूत होतं. चिऊ पलंगावर चढून बसली आणि कुत्र्याची, माकडाची, पेढ्यांची, सगळी हकिगत सांगत सुटली. ती मराठी काही थोर नव्हती. 'ळ' अडखळत होता, 'ण'चा 'न' होत होता. पण ती अडली नाही, कारण ह्या सगळ्या गोष्टी तिने आठ वर्षं रोज रात्री मला सांगितलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आजीने पुन्हा विचारलं, हे कुणी कापलं? चिऊने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तीन आठवडे हेच. शेवटी शेवटी आजीला दुरुस्त करायला फारसं काही मिळत नव्हतं, तेव्हा ती माझा हिरवा टाका बोटाने चाचपत नुसती ऐकत बसायची.

निघायच्या आधी आबा म्हणाले, "हत्तोबाला ठेवून जाल का? तिला बोलायला होतं काहीतरी."

चिऊ म्हणाली, "मग मी तिकडे मराठी कुणाशी बोलू?"

"आमच्याशी," आई म्हणाली.

"तुम्ही दोघं इंग्रजीच बोलता."

आईने बाबाकडे पाहिलं. बाबाने पंख्याकडे पाहिलं.

तोडगा चिऊनेच काढला. तिचा लहान झालेला शाळेचा निळा जंपर बॅगेत होता. तिने तो आजीच्या पुढ्यात ठेवला, शेजारी मला ठेवलं आणि हातात कात्री दिली. मंडळी, माणसांची नावं विसरलेल्या त्या हातांना हत्ती पाठ होता. सुईत दोरा चिऊने ओवला. धावदोरा, उलटी टीप, सोंडेचा वळसा, सगळं आजीने केलं. संध्याकाळपर्यंत पलंगावर एक निळा हत्ती बसला होता. त्याचे दोन्ही कान सारखे आहेत, हे मी मोठ्या मनाने नमूद करतो.

चिऊने त्याला आजीच्या मांडीवर ठेवलं. "आजी, ह्याला मराठी येत नाही. तूच शिकव."

आजीने त्याची सोंड सरळ केली. "येईल. पोरं शिकतात."

आता दर रविवारी फोनवर आम्ही दोन हत्ती समोरासमोर असतो. आबा सांगतात, परवा आजीने त्याला भाज्यांची नावं शिकवली, काल तो कुणाचा म्हणून विचारत होती. इकडे जेवणाच्या टेबलावर मला मधोमध बसवतात आणि मला कळेल असंच बोलायचं, असा नवा नियम झाला आहे. बाबाला 'मीटिंग'ला शब्द सापडत नव्हता. चिऊने 'बैठक' सुचवला. तो म्हणाला, ऑफिसात कुणी मांडी घालून बसत नाही.

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. मला खिडकी मिळाली आहे.