बोसोझोकू : जपानी तरुणांच्या मोटारसायकल टोळ्या

निजलेल्या शहराला जागें करणें हाच ज्यांचा छंद होता, अशा जपानी मुलांविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. १९५० नंतरच्या दशकांत मोटारसायकलींवरून गडगडाट करीत जाणाऱ्या मुलांना तिकडे 'कामिनारी-झोकू', म्हणजे मेघगर्जनेची जमात, म्हणत. १९७० नंतरच्या दशकांत 'बोसोझोकू', म्हणजे बेफाम धांवणारी जमात, हें नांव रूढ झालें. १९८२ सालीं पोलिसांच्या गणनेंत त्यांची संख्या ४२ हजारांवर गेली होती.

हा प्रकार नेमका त्याच वयांत कां फोफावला? मोटारसायकलीचा परवाना जपानांत सोळाव्या वर्षीं मिळतो आणि त्या काळीं माणूस कायद्यानें सज्ञान होई तो विसाव्या वर्षीं. त्याआधीं गुन्हा घडल्यास प्रकरण बहुधा कुटुंब-न्यायालयापुढें जाई. म्हणून विशी गांठली कीं टोळीचा निरोप घ्यावयाचा, असा रिवाजच पडला होता.

त्यांची स्वारी म्हणजे नुसती शर्यत नव्हे. कांहींजण पुढें जाऊन आडरस्त्यांची वाहनें अडवीत, कांहींजण पाठीमागें राहून पोलिसांना थोपवीत, आणि मधला तांडा तांबड्या दिव्याला न जुमानतां नागमोडी चाले. आवाज वाढावा म्हणून धुराड्याचा ध्वनिशामक काढून टाकलेला असे. अंगांत भरतकाम केलेला लांब डगला. त्याचें नांव महायुद्धांतील आत्मघातकी विमान-पथकांवरून घेतलेलें. 'योरोशिकू' हा साधा लोभ मागणारा शब्द. पण ही मुलें तो रात्र, दंव, मृत्यु आणि दुःख या अर्थांच्या चार चिन्हांनीं लिहीत!

समाजशास्त्रज्ञ इकुया सातो यांनीं क्योतो शहरांत या मुलांमध्यें वावरून अभ्यास केला व १९९१ सालीं इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मतें हा मुख्यतः एक खेळ होता: रस्ता ही रंगभूमि आणि लोकांच्या नजरेंत भरणें हें बक्षीस. परंतु या खेळांत खरे अपघात होत, टोळ्यांच्या मारामाऱ्या होत आणि कष्टकऱ्यांची रात्रीची झोप जाई.

१९७८ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन जमावानें धोकादायक रीतीनें वाहनें हांकणें हा गुन्हा ठरला. तथापि ज्याला प्रत्यक्ष उपद्रव झाला त्याच्या साक्षीवांचून खटला उभा राहणें कठीण जाई, आणि भीतीमुळें साक्षीला येणार कोण? २००४ सालच्या दुरुस्तीनें ही अडचण दूर केली. १९८२ नंतरच्या तीस वर्षांत त्यांची संख्या दहा हजारांच्याही खालीं आली.

कायद्यानें रस्ते शांत झाले, हें इष्टच झालें. मात्र 'माझ्याकडे कोणी तरी पाहावें' ही सोळा वर्षांच्या मुलाची भूक कायद्यानें भागत नाहीं. तिला मैदान, आखाडा किंवा रंगमंच मिळवून देणें हें वडील माणसांचें काम आहे. आणि तें पोलिसांवर सोंपवितां येत नाहीं.