आगबोट, द्राक्षमळे आणि किल्ले : ऱ्हाईनवरच्या सफरीची दोनशे वर्षे

जर्मनीत बिंगेन ते कोब्लेन्झ या सुमारे ६५ किलोमीटरच्या पट्ट्यात ऱ्हाईन नदी डोंगर कापत जाते. पाण्यालगत चिंचोळी गावे, त्यांच्या पाठीशी द्राक्षमळ्यांच्या ताली आणि वर कड्यावर किल्ला, हे चित्र वळणावळणाला दिसते. लहानमोठे चाळीसेक किल्ले या पट्ट्यात आहेत. २००२ मध्ये युनेस्कोने हे खोरे जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. ते बोटीतून डोळे भरून पाहण्याची रीत मात्र जेमतेम दोनशे वर्षांची आहे. त्याआधी नदीतून माल नेणाऱ्याला किल्ल्यांचे कौतुक नव्हते, धास्ती होती.

धास्तीचे कारण जकात. काउब गावासमोर भर पात्रातल्या बेटावर फाल्त्सग्राफेनश्टाइन हा किल्ला उभा आहे. बवेरियाच्या लुडविग राजाने चौदाव्या शतकात तो जकातीसाठीच बांधायला घेतला. येत्या प्रवाहाकडची त्याची बाजू नावेच्या नाळेसारखी निमुळती आहे. हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ तिथे फुटावा म्हणून. पुढे १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी काठावरचे बहुतेक किल्ले उद्ध्वस्त केले. डोंगरमाथ्यावरचा मार्क्सबुर्ग तेवढा शाबूत राहिला.

शंभर-सव्वाशे वर्षे या पडक्या भिंतींकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. त्यांना सौंदर्य बहाल केले ते कवींनी आणि चित्रकारांनी. १८०१ मध्ये कवी ब्रेंटानोने लोरेलाय या खडकाशी जोडलेली कथा रचली, १८१६ मध्ये कवी बायरन आणि १८१७ मध्ये चित्रकार टर्नर या वाटेने गेले. १८२४ च्या हाइनेच्या कवितेने तर १३२ मीटर उंचीचा तो खडक घराघरांत पोचवला. तिला संगीतकार झिल्खरने दिलेली चाल आजही खडक जवळ आला की बोटीवर वाजते. याच सुमारास नदीत आगबोट आली. १८१६ मध्ये पहिली आगबोट कोलोनला पोचली आणि १८२७ मध्ये कोलोन ते माइन्झ नियमित फेऱ्या सुरू झाल्या. त्याच वर्षी कोब्लेन्झला बेडेकरने पुस्तकांचा व्यवसाय थाटला आणि पुढे ऱ्हाईनप्रवासाच्या मार्गदर्शिकेतून त्याचे नाव जगभर झाले.

प्रवासी येऊ लागले तसे किल्लेही सावरले गेले. १८१५ नंतर डाव्या काठचा बहुतेक मुलूख प्रशियाकडे आला होता. तिथल्या राजपुत्राने १८२५ ते १८२९ या काळात ऱ्हाइनश्टाइन नव्याने उभारला. युवराजाला भेट मिळालेला श्टोल्त्सेनफेल्स १८४२ मध्ये पुरा झाला. म्हणजे आज मध्ययुगीन म्हणून ज्यांची छायाचित्रे निघतात, त्यांतल्या अनेक भिंती आगबोटीच्याच वयाच्या आहेत. त्यामुळे त्यांचे मोल उणे होत नाही. एका पिढीने आपला भूतकाळ कसा कल्पिला, याचा तो दगडी पुरावा आहे. १८६८ च्या मानहाइम कराराने निव्वळ नौकानयनावर कर नाही, हे तत्त्व पक्के केले आणि किल्ल्यांचा नदीशी उरलासुरला व्यवहार संपला.

वाइनचा इतिहास याहून कष्टाचा आहे. बिंगेनजवळच्या खडकाळ अडसरातून मोठ्या नावा जात नसत; म्हणून वरून छोट्या नावांतून आलेली पिंपे बाखाराखला मोठ्या नावांवर चढत आणि बाहेरच्या बाजारात ती वाइन बाखाराखची म्हणूनच खपे. इथले मुख्य द्राक्ष रीसलिंग. जमीन पाटीच्या दगडाची. दिवसभर तापलेले त्याचे काळे कपचे संध्याकाळी वेलींना ऊब देतात. चढ इतका उभा की ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी, बांधणी, तोडणी सारे हाताने आणि पाय रोवून. हे काम परवडेनासे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन हजार हेक्टरांहून अधिक असलेले मळे आता साडेचारशे हेक्टरांच्या आसपास आले आहेत. सोडून दिलेल्या तालींवर माजलेली झुडपे बोटीच्या कठड्यापाशी उभे राहिले तरी दिसतात. ताली धरून ठेवणारी माणसेच या वारशाची खरी राखणदार आहेत.

एका दिवसाची फेरी मुक्कामी सफर झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९९२ मध्ये १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा खुला झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग तयार झाला. वाटेतली जलद्वारे १२ मीटर रुंद, म्हणून सफरीची जहाजे सुमारे साडेअकरा मीटर रुंद आणि १३५ मीटरपर्यंत लांब बांधली जातात. पुलांखालून जाताना वरच्या डेकवरचे छत आडवे पाडावे लागते.

त्यांच्यापुढची अलीकडची अडचण पाण्याची आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबच्या मोजपट्टीवर २५ सेंटिमीटर नोंदले गेले. ही तळापासूनची खोली नव्हे, पण जहाजांच्या वाटेतही तेव्हा दीड मीटरहून कमी पाणी होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पात्र आटले. असे झाले की प्रवाशांना एका जहाजातून उतरवून, उथळ टप्पा बसने पार करून, पलीकडे थांबलेल्या दुसऱ्या जहाजात बसवले जाते.