विजेच्या तारांची वाट

कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना शहाडनंतर आंबिवली लागते. जवळच काळू नदी उल्हासेस मिळते. भोंवतीं भातखाचरें, गांवठाणें आणि अलीकडे वाढलेली दाट वस्ती. 1915 सालीं खोपोलीची वीज मुंबईस पोहोंचली, तेव्हांपासून उत्तर कोंकणास उंच मनोऱ्यांची ओळख आहे. अशा टापूंतून नवी वाहिनी न्यावयाची झाल्यास तिची वाट कशी ठरवावी?

नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली सरळ रेघ बहुधा सर्वांत स्वस्त. वाहिनी जेथें वळते तेथील मनोऱ्यास तारांचा तिरपा ताण सोसावा लागतो, म्हणून तो अधिक भक्कम व महाग होतो. परंतु जमिनीवर ही रेघ रेघ राहत नाहीं. 220 किलोव्होल्टच्या वाहिनीस 35 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. म्हणजे दर किलोमीटरास साडेतीन हेक्टर. त्यांत उंच झाडें राखतां येत नाहींत, घर बांधतां येत नाहीं. टेकडीवरचें रान टाळून वाहिनी खाचरांवरून नेली तर झाडें वांचतात, तारांखालीं भातही पिकतें. मात्र जमीन शेतकऱ्याच्याच नांवावर राहून तिची किंमत उतरते. तोडावयाचीं झाडें अहवालांत मोजलीं जातात; ही हानि मोजण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

कायद्याचा आधारहि येथें तोकडाच. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनें अशा वाहिन्यांस पर्यावरणाच्या पूर्वमंजुरीची अट घातलेली नाहीं. वनजमीन लागली तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखालीं परवानगी हवी, खारफुटी तोडावयाची तर मुंबईच्या उच्च न्यायालयाची. खाचर, ओढा, गांवठाण यांची कदर बव्हंशीं आंखणी करणाऱ्याच्या नजरेवर सोंपविलेली आहे.

ती नजर माथ्यावरच्या बारीक तारेकडेहि जावी. पाणथळीवरून उडणाऱ्या पक्ष्यांस ती दिसत नाहीं व ते तिच्यावर आदळतात. तेथें तारेवर ठळक चकत्या लावतात. टेकडीवर मनोऱ्यापेक्षां त्याचें सामान नेण्यासाठीं खणलेला रस्ताच पुष्कळदां अधिक अपाय करतो, कारण पहिल्या पावसांतच मोकळी माती ओढ्यांत उतरते.

नदीकांठची पाहणी उन्हाळ्यांत उरकणें सोयीचें, पण फसवें. 26 जुलै 2005 रोजीं उल्हासेच्या पुरानें कल्याणच्या परिसरांत हाहाकार उडविला. तेव्हां पाणी कोठवर चढलें हें कांठावरचे जुने रहिवासी बोट दाखवून सांगतील. मनोऱ्याचा पाया कोठें व किती खोल घ्यावा हें त्यानंतर ठरवावें.